दोघांपुरतं हैदराबाद

निघोजे, ता. खेड
५ जानेवारी २०२५

रा. रा. बरकतभाई यांस,
गेनबाचा सलाम व सा. न. वि. वि.

तुझं पत्र दिवाळीत आलं आणि उत्तर आज लिहितो आहे, म्हणून आधी माफी मागतो. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलायचं सुचत नाही. पत्राची एक वाट उरली होती, तीही मी अडवून बसलो. रोज पेन हातात घ्यायचो आणि काय लिहावं, काय नको असं होऊन परत ठेवायचो.

श्रावणात आमच्या भीमराजच्या बायकोला, आरोहीला, आठव्या महिन्यातच दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी झाली, पण ती रडली नाही. एवढंच लिहितो.

तेव्हापासून घरात दोन माणसं आहेत आणि ती एकमेकांना भेटत नाहीत. भीमराज गाड्यांच्या कंपनीत रंगखात्यात आहे. त्यानं कायमची रात्रपाळी मागून घेतली. आरोहीची हिंजवडीची कॅब सकाळी लवकर येते. हा दारात चप्पल काढतो तेव्हा ती चप्पल घालत असते. डबा उचललास का, किल्ली कुठे आहे, एवढंच बोलणं. भांडणाचा आवाज आला असता तर मला बरं वाटलं असतं. माझी सारजा आज असती तर तिनं दोघांना समोर बसवलं असतं. मला बापड्याला ते येत नाही.

आता काम सांगतो. लेकरू पोटात राहायच्या आधी आरोहीनं मला मोबाइलवर चित्रं दाखवली होती. तुझ्या हैदराबादेत जुन्या हवेल्यांची छोटी हॉटेलं झाली आहेत, थोड्याच खोल्या, अंगणात कारंजं, आणि रात्रीच्या जेवणाला ताटात फूल ठेवून देतात. लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघं जाणार, असं ती म्हणाली होती. त्या हॉटेलांना बुटिक म्हणतात. आपल्या तळेगाव चौकात ब्लाउज शिवणाऱ्या बाईनं पाटी लावली आहे तेच नाव, म्हणून मला खोटं वाटलं होतं.

भीमराजला म्हटलं, बायकोला घेऊन जा. तर म्हणाला, सुट्टी मिळत नाही. मी म्हटलं, चाकणच्या सगळ्या गाड्या तू एकटाच रंगवतोस काय. तो हसला नाही. तेव्हा मीच ठरवलं. फेब्रुवारीत त्यांचा लग्नाचा वाढदिवस आहे. तू असं एक हॉटेल स्वतः जाऊन बघ. पैशाची काळजी करू नकोस, भाड्याच्या खोल्यांचे येतात. मला फक्त ही दोघं एका टेबलाशी बसलेली हवी आहेत. ती वेगळी झाली तर मी हे घर कुणाच्या तोंडाकडे बघून चालवू.

सादिकावहिनींना नमस्कार, परवीनला आशीर्वाद. तुझी माया मोठी आहे, या कामात ती थोडी जास्त खर्च कर.

तुझा,
गेनबा

~

हैदराबाद
१७ जानेवारी २०२५

गेनबादादास, बरकतचा सलाम आणि सा. न. वि. वि.

पत्र वाचून सादिका उठून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मुलीचं तू पाच महिने मनात ठेवलंस. यावर रागवणार होतो, पण तू आधीच माफी मागून मोकळा झालास.

कामाला लागलो. परवीनला घेऊन तीन हॉटेलं पाहिली. पहिल्यात दरवानानं मला ड्रायव्हर समजून गाडी मागच्या बाजूला लावायला सांगितलं. मी म्हटलं, बाबा रे, आयुष्यभर गाड्यांच्या खाली झोपलो, आता एकदा समोरून येऊ दे. दुसऱ्याच्या खोलीत न्हाणीघराची भिंत काचेची. परवीन लाजली, मीही लाजलो आणि आम्ही जिना उतरलो. तिसरं मनासारखं निघालं. एका नवाबाच्या कारभाऱ्याची हवेली होती म्हणतात. अंगणात डाळिंबाचं झाड आहे, खोल्या मोजक्याच, उंच छत, आणि गच्चीवर जेवायची सोय. तिथं टेबलं लांबलांब ठेवली आहेत, म्हणजे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मला तर कुठेच येत नाही, पण परवीन म्हणाली.

जेवण चाखल्याशिवाय कसं कळवू, म्हणून गच्चीवर बसलो. ताट एवढं मोठं आणि त्यात मटणाचा तुकडा एवढासा. वाढणाऱ्या पोराला विचारलं, बाकीचं मागून येतंय का. तो फार अदबीनं म्हणाला की हेच आहे, सावकाश खा. चव मात्र कमालीची होती. सादिका म्हणते, सावकाश खायला मिळणं हाच त्या दोघांवर इलाज आहे.

२१ फेब्रुवारीपासून तीन रात्री खोली धरून ठेवली आहे. विमानाचं परवीन बघते. आम्ही त्यांच्या मध्येमध्ये येणार नाही, फक्त एकदा भेटून येऊ. भीमराज माझ्या चाकणच्या गॅरेजात तेलाचे हात शर्टाला पुसत मोठा झाला, त्याला न भेटता कसं राहू.

तब्येत सांभाळ. आमच्यावर आजवर ठेवलास तसा जीव ठेव.

तुझा,
बरकत

~

निघोजे
४ फेब्रुवारी २०२५

रा. रा. बरकतभाई यांस, गेनबाचा सलाम. वि. वि.

जायला दोघं तयार झाली. आरोही आधी नको म्हणाली. मग म्हणाली, आबा, तुम्ही एवढं केलंय तर जाते. भीमराजनं काल कपाटावरची बॅग काढून पुसली. तेवढ्यावर मी दोन घास जास्त जेवलो.

आता माझ्या जिवाला दुसरा घोर लागला आहे. उंच छताची खोली म्हणजे गार असेल, आरोहीला सर्दी लवकर होते. पांघरूण जाड आहे का बघ. हवेली जुनी आहे, तर जिन्यात रात्री दिवा असतो का. गच्चीला कठडा आहे का. भीमराजला दोन तुकड्यांनी भूक भागायची नाही, तर जवळपास साधी खाणावळ आहे का तेही बघून ठेव. शालनबाई, ती शेजारची, जी मला भाकरी करून देते, ती म्हणाली की पोरं काय युद्धावर चालली आहेत काय. तिला काय जातंय बोलायला.

एक गोष्ट वहिनींना सांग. आमच्याकडे सून अशा प्रसंगातून उठली की तिची ओटी रिकामी ठेवत नाहीत. सारजा नाही, आरोहीला आई नाही. गावातल्या बाया ओटी भरताना चार नको ते प्रश्न विचारतील म्हणून मी कुणाला बोलावलं नाही. वहिनींनी चाकणात असताना सारजेकडून हे सगळं शिकून घेतलं होतं, परवीनच्या लग्नात सारजेची ओटी त्यांनीच भरली होती. तर भेटायला जाल तेव्हा खण, तांदूळ, नारळ घेऊन तिची ओटी भरा आणि पुढचं चांगलं होऊ दे म्हणा. मोठ्या बाईच्या हातानं झालं की माझ्या मनावरचा दगड उतरेल.

पोचल्यावर दोघं कशी दिसली ते लगेच कळव. तुझ्या डोळ्यांनी मला दिसेल.

तुझा,
गेनबा

~

हैदराबाद
२६ फेब्रुवारी २०२५

गेनबादादास सलाम. सा. न. वि. वि.

काय लिहू ते समजत नाही. तुझी माणसं आली आणि ठरल्यापेक्षा एक दिवस आधी गेली. तुला ते कळलंच असेल.

पहिल्या रात्री आम्ही गेलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तेव्हा दोघं डाळिंबाखाली बसली होती. खुर्च्या जवळ होत्या. आरोहीचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा हलका होता, असं सादिका म्हणाली. भीमराजनं मला कडकडून मिठी मारली. मला वाटलं, गेनबा, तुझं काम झालं.

मग सादिकानं ओटी भरली. आणलेला खण हिरवा होता, नारळ मी निवडला होता. वर्षाच्या आत पाळणा हलू दे, असं ती म्हणाली. भीमराजनं वाकून तिच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, काकी, तुमच्या तोंडात साखर पडो. पोरीनं सगळं पदरात घेतलं आणि वर खोलीत गेली. ती खाली आलीच नाही. संध्याकाळी भीमराजनं फोन करून परवीनला तिकिटं बदलायला सांगितली. मी निरोप द्यायला गेलो तेव्हा दोघं टॅक्सीत दोन टोकांना बसली होती.

सादिकाचं जेवणात लक्ष नाही. आमच्याकडून काय चुकलं ते विचारते. रमजान तोंडावर आला आहे, ती म्हणते की मनात हे घेऊन रोजे कसे धरू. तुला काही कळलं तर लिही. आम्हाला परकं करू नकोस.

तुझा,
बरकत

~

ताथवडे
९ मार्च २०२५

ती. आबा यांच्या चरणी,
आरोहीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला बोलता येणार नाही, म्हणून लिहिते. पुण्याला उतरल्यावर मी सरळ दादाकडे आले. भीमराजनं घरी येऊन काय सांगितलं मला माहीत नाही. त्याला दोष देऊ नका. काकींवरही राग नाही, त्यांना तसं लिहा.

तुम्ही धरलेली जागा खरंच सुंदर होती. पहिल्या रात्री आम्ही गच्चीवर जेवलो. वाढणाऱ्यानं विचारलं की आज काय विशेष आहे. भीमराज म्हणाला, विशेष काही नाही, आबांनी पाठवलंय. तो माणूस गोंधळला आणि आम्ही दोघं हसलो. किती महिन्यांनी हसलो असू. मग मोठ्या ताटात एवढासा घास आला. भीमराज म्हणाला, निघोज्यात एवढं आपण कावळ्याला ठेवतो. मी हसता हसता थांबले आणि तोही थांबला.

त्यानंतर त्यानं मला सांगितलं की दवाखान्यात त्यानं तिला हातात घेतलं होतं. मला तेव्हा गुंगी होती, मी पाहिलीच नाही. त्यानं आजपर्यंत सांगितलं नव्हतं. केस दाट होते म्हणाला. बोटं लांब होती, माझ्यासारखी. हनुवटीला खळी होती. मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. जेवण गार झालं. आबा, त्या रात्री मला माझी मुलगी दिसली.

दुसऱ्या दिवशी काकींनी ओटी भरली. पदरात नारळ आला तेव्हा मला कळलं की सगळे पुढच्या लेकराची वाट बघत आहेत. हिची वाट संपली. तरी मी भीमराजकडे बघितलं. आदल्या रात्री त्यानं तिचे केस सांगितले होते, तो काहीतरी बोलेल असं वाटलं. तो साखर पडो म्हणाला. नंतर खोलीत म्हणाला, झालं ते झालं, आता पुढचं बघू. त्याला बोलून हलकं व्हायचं होतं, तो झाला. माझं तर तेव्हा कुठे सुरू झालं होतं.

मी कधी येईन, येईन की नाही, हे आज सांगता येत नाही. मला आणायला कुणाला पाठवू नका, तुम्हीही येऊ नका. बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्या, उपाशी पोटी घेऊ नका. शालनबाईंना मीठ कमी घालायला सांगा.

तुमची माया माझ्यावर आहे हे मला ठाऊक आहे. ती कमी होऊ देऊ नका.

आपली,
आरोही

~

निघोजे
१८ मार्च २०२५

चि. सौ. आरोही हिस,
आबांचे अनेक आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी आणायला कुणाला पाठवणार नाही. तुझा मान ठेवीन. शालनबाई म्हणाली की सुनेला न्यायला माणूस गेला पाहिजे, नाहीतर लोक बोलतात. मी म्हटलं, बोलू देत.

ओटी वहिनींनी स्वतःच्या मनानं भरली नव्हती, मी सांगितली होती. त्यांना तसं कळवलं आहे. तुला सांभाळायचं म्हणून जे हाताशी होतं ते केलं. तुझ्याआधी आमच्या घरात सारजेची दोन लेकरं अशी गेली, तेव्हाही असंच पुढचं बघा म्हणायचो. सारजा त्यावर काही बोलायची नाही. मला वाटायचं, तिला पटलं.

भीमराज अजून रात्रपाळीच करतो. सकाळी येतो आणि दारात थोडा वेळ थांबतो, मग चप्पल काढतो. तुझं पत्र आलं ते त्यानं पाहिलं. काय लिहिलंय, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्या नावाचं आहे, तुला हवं असेल तर तू तिला लिही. त्यावर तो रागवून अंथरुणावर पडला. पण झोपला नाही, मला आवाज येत होता.

मी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. दाट केस, लांब बोटं, खळी. माझ्या नातीबद्दल मला एवढं कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर नुसतं ‘आरोहीचं बाळ’ असं लिहिलं आहे. बारसं झालं नाही म्हणजे लेकराला नाव नाही, असं आम्ही जुनी माणसं धरतो. पण आठ महिने तुम्ही दोघं तिला काहीतरी म्हणतच असणार. मला तिची आठवण काढायची आहे आणि मनात हाक काय मारावी ते कळत नाही.

तू घरी ये असं मी लिहीत नाही. नाव तेवढं लवकर कळव.

तुझा,
आबा