रेडिओनं घेतलं माझं नाव

सिरोंचा, जानेवारी १९५६

प्रिय घनश्यामभाऊले धाकट्या रंभाचा नमस्कार.

मी बरी आहो. ताप आला होता, पण उतरला. आईले सांगू नको.

भाऊ, तू मले न सांगता सिलोनच्या रेडिओले माझ्या नावानं गाण्याची फर्माइश धाडली! इथी मल्लय्याच्या हॉटेलात सकाळी रेडिओ लागते. रेडिओवाला चहाच्या वक्ती घरच्या माणसासारखा एकेकाचं नाव घेते, म्हणून सारं गाव ऐकाले जमते. सोमवारी तो बोलला, "सिरोंचा की नर्स रंभाबाई के लिए, नागभीड से उनके भाई घनश्याम की पसंद." मी रस्त्यातच रडली.

तुले लिहिलं नोतं, पण आल्यापासून एकही बाळंतीण माह्याकडं आली नोती. परकी म्हणून बाया भेत. नोकरी सोडाचं मनात होतं.

त्याच सांजेले शेजारची पोशक्का कळा देणाऱ्या लेकीले घेऊन आली. म्हणे, "रेडिओ तुले वळखते, मंग आमी काऊन भ्यावं?"

पोरगी झाली. मायलेकी सुखरूप आहेत. पोशक्का आता रोज मासोळीचं कालवण पाठवते.

वहिनीचा खोकला थांबला का? धान घरी आलं का?

भाऊ, तुझे उपकार कसे फेडू? दवाखान्यासमोर बाया वाट पाहून राह्यल्या, म्हणून इथंच थांबते.

तुझी,
रंभा