डाळिंबी चादर, तीन स्टार

४ नोव्हेंबर, मंगळवार
तीन स्टार आणि चार स्टार यांत नेमका फरक काय? मला सांगता येत नाही. बी.ए.ला अर्थशास्त्र होतं, तरी नाही.
आज चादर आली. मागवली डाळिंबी, आली विटकरी. बाकी वीण घट्ट, कडा सरळ, पॅकिंग छान. आत चिठ्ठी: आवडल्यास पाच स्टार द्या, अडचण असल्यास मिस कॉल द्या, आम्ही फोन करू.
पाच देणं म्हणजे खोटं बोलणं. एक देणं म्हणजे अन्याय. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. मीच नीट लिहिलं नाही तर कोण लिहिणार? उद्या ऑफिसला जायच्या आधी फीडबॅक टाकायचा. पन्नास शब्द. बस.

५ नोव्हेंबर
नाही टाकला. घाईत न्याय होत नाही.
शेजारच्या टेबलावरच्या ऋतुराजला विचारलं. तो म्हणाला, मॅडम, स्टार काय आपल्या खिशातनं जातात का, द्या की पाच. त्याला तत्त्वाचं काही नाही. मात्र महिन्याभरात तो माझ्याशी एवढं पहिल्यांदाच बोलला.

६ नोव्हेंबर
गावाहून, केमहून आईचा फोन. सोलापुरात राहून चादर पार्सलनं मागवलीस व्हय? दुकानं उठली का तितली? मी म्हटलं, ऑनलाइन रिव्ह्यू वाचता येतात.
एकदा दुकानात गेले होते, ते सांगितलं नाही. दुकानदारानं चादर उलगडली आणि म्हणाला, संगं कोण हाय त्यांना ते टोक धराय सांगा. माझ्या मागे बघितलं. मग पुन्हा घडी घातली.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ११
फोटोशिवाय फीडबॅक म्हणजे पुराव्याशिवाय तक्रार. चादर घेऊन गच्चीवर गेले. धरायला दोघं आणि फोटोला एक, एवढी माणसं लागतात हे तिथे गेल्यावर कळलं. एक टोक दोरीला बांधलं, दुसरं घरमालकीण काशम्मांनी धरलं. म्हणाल्या, रंग झ्याक हाय की, रडतीस कशाला? मग म्हणाल्या, एकटी झोपतीस, डबलची कशाला गं?
सांगितलं, ऑफिसातल्या मैत्रिणी राहायला येणार आहेत. आईलाही तेच सांगितलंय. येतील. अजून विचारलेलं नाही.

१० नोव्हेंबर
दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. मिस कॉल दिला. दोन मिनिटांत फोन. भुवनेश्वरी नाव, इथलीच, घरीच पार्सलं भरते. म्हणाली, फोटू भावानं काढलाय ताई, उन्हात तसा दिसतोय, बदलून देऊ का? नको म्हटलं. मग म्हणाली, चारच्या खाली तेवढं देऊ नका. तीन पडलं की माल पार मागं जातो, कुणाला दिसतच न्हाय बघा.
पुढे चादर राहिली बाजूला. तिच्या पोरीची शाळा, माझं गाव, खोलीतलं पाणी. अकरा मिनिटं. शेवटी तिनं विचारलं, जेवलीस का गं?
या प्रश्नाचा चादरीच्या दर्जाशी संबंध नाही. फीडबॅकमध्ये धरायचा नाही. जूनपासून इथे कोणी विचारलं नव्हतं, हेही धरायचं नाही.

१३ नोव्हेंबर
चारशे बारा शब्द झाले. तेवढी जागा नाही. वीण काढली, कडा काढल्या, पॅकिंग काढलं. उरलं ते: रंग फोटोसारखा नाही.
तीन स्टार. दिले. ओळखीला बळी पडले नाही. मन हलकं झालं.

१४ नोव्हेंबर
झालं नाही. तिला माझी भूमिका समजावून सांगायला हवी, म्हणून मिस कॉल. फोन संध्याकाळी आला. वाचलं ताई, खरं तेच लिवलंय तुमी, राहू द्या. आणि ठेवला.
कामात असणार. जेवलीस का विचारलं नाही. जेवले होते, तरी.

१६ नोव्हेंबर, रविवार
चादर दोनदा धुतली. रंग गेला नाही. हा नवा पुरावा. त्यावरून चार स्टार केले. दबावाचा प्रश्नच नाही.
दिवसभर फोन जवळ ठेवला. आईचा आला, मैत्रिणी आल्या का म्हणून.
मिस कॉल द्यावासा वाटला. पण चिठ्ठीत स्पष्ट आहे: अडचण असल्यास. माझी अडचण मीच मिटवली आहे. अडचण नसताना मिस कॉल देणं बरोबर नाही.

१८ नोव्हेंबर, सकाळी ८
भुवनेश्वरीकडून आणखी एक चादर मागवली. डबलचीच. मैत्रिणी जास्त आल्या तर लागेल. तिची चादर शोधायला चार पानं मागे जावं लागलं.
फोटो अजून तोच आहे, उन्हातला. खाली रंगांच्या यादीत विटकरीही वेगळी दिली आहे. मी रंग पुन्हा डाळिंबीच निवडला.