प्रधानकाकांचा आकडा

शनि., १ फेब्रुवारी २०२५. सकाळी १०.४०.

शेडमध्ये बसलोय. बोटं गार पडलीत. तराजू तिसऱ्यांदा शून्यावर आणला, पण पावडरचा डबा अजून उघडलेला नाही. एका काडतुसात किती पावडर घालायची, तेच ठरत नाही.

तयार काडतुसं परवडत नाहीत म्हणून घरी भरायची, एवढा साधा विचार होता. रिकामी पुंगळी, तिच्या बुडाला नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, मोजून पावडर, वर गोळी. पावडर कमी-जास्त झाली तर रायफल तोंडासमोर फुटू शकते. तीन वेबसाइट, तीन आकडे. एक दाढीवाला व्हिडिओत म्हणतो, थोडं जास्त चालतं. फोनवरच्या एआयला विचारलं तर त्याने ठामपणे एक आकडा दिला. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर तितक्याच ठामपणे दुसरा.

नेमबाजी क्लबातल्या प्रधानकाकांनी त्यांचा आकडा ऑक्टोबरातच सांगितला होता. "वीस वर्षं हाच मारतोय. डोळे मिटून घाल."

डोळे मिटून घालणं मला जमत नाही.

आकडा इथे लिहीत नाही. मुद्दाम.

आई खिडकीतून: "आत स्फोटकं आणि बाहेर मी उदबत्ती लावायची! आता देव वरच्या खोलीत नेऊ का?" नेलेसुद्धा.

सोम., ३ फेब्रु.

वेअरहाऊसमध्ये लंच ब्रेक. कॉलिन, आमच्या क्लबचा रेंज ऑफिसर, पहिल्याच दिवशी म्हणाला होता की दोन वेगळ्या ठिकाणी तेच उत्तर मिळालं तरच विश्वास ठेव. आज मिळालं. एका ब्रिटिश फोरमवर 'ओल्ड स्टेडी' नावाच्या कुणाची जुनी पोस्ट. तीच पावडर, तीच गोळी, आणि आकडा काकांचाच, दशांशापर्यंत. खाली लोकांचे आभार, अंगठे. पोस्टच्या फोटोत कुणाचं तरी टेबल. स्टीलचा गोल डबा, आत वाट्या, वाट्यांत गोळ्या.

सुटल्यासारखं वाटलं. सँडविच पूर्ण खाल्लं.

शनि., ८ फेब्रु.

काल वीस काडतुसं भरली. प्रत्येक माप दोनदा. आज रेंजवर पाचच मारली.

पहिल्या गोळीनंतर बोल्ट, पुंगळी बाहेर ओढणारा दांडा, जड उघडला. तिसरीनंतर तळहाताने ठोकावा लागला. पुंगळीच्या बुडाचा प्रायमर नाण्यासारखा सपाट, दाब जास्त झाल्याची खूण.

प्र. काका शेजारच्या लेनवर, नेहमीच्या जुन्या काडतुसांनी मारत होते. म्हणाले, "सेकंडहँड रायफल घेतलीस ना? बोल्टला तेल घाल. घाबरट आहेस लेका."

कॉलिनने पुंगळी उजेडात फिरवून पाहिली. आकडा कुठून आणला विचारलं. मी म्हटलं, दोन ठिकाणांहून. कुठली दोन? एक ओळखीचे, एक फोरम. तो म्हणाला, "दॅट्स टू ब्लोक्स, मेट. ही नुसती दोन माणसं झाली. पुस्तक कुठाय?"

पुस्तक नाही. उरलेली पंधरा पेटीत. आजचं थांबवलं.

मंगळ., ११ फेब्रु.

पुस्तक आलं. पावडर बनवणाऱ्या कंपनीचंच, छापील, जाडजूड. मॅथ्सचं जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, माझं दोनदा राहिलं, पण तक्ते वाचता येतात. हळू वाचतो. प्रत्येक परिच्छेद दोनदा.

काकांचा आकडा पुस्तकात आहे! शेवटच्या मर्यादेच्या जरासा खाली. म्हणजे काका खोटं बोललेले नाहीत. मग बोल्ट का अडकला?

जेवण झाल्यावर तक्त्याखालचा बारीक मजकूर वाचला. हे आकडे साध्या, बाजारी पुंगळ्यांसाठी. लष्करी पुंगळ्यांच्या भिंती जाड असतात, आत जागा कमी. तेवढीच पावडर घातली तर दाब जास्त. त्यांच्यासाठी खूप खालून सुरुवात करा.

माझ्या पुंगळ्या लष्करी आहेत. दिवाळीनंतर काकांनी आणि मी मिळून एक मोठी पिशवी स्वस्तात घेतली. अर्धी त्यांची, अर्धी माझी. त्यांची अर्धी अजून वापरलेली नव्हती. "२२ तारखेच्या मॅचसाठी भरतो," असं शनिवारीच म्हणाले.

वीस वर्षं आकडा बरोबर होता. पुंगळी बदलली, आकडा तोच राहिला.

रवि., १६ फेब्रु.

स्टॅनमोरला गेलो, काकांच्या घरी. सांगायचंच म्हणून. ट्रेनमध्ये वाक्य पाठ केलं: काका, पुस्तकात एक गोष्ट सापडली, तुमचं मत हवं होतं.

शालिनीकाकूंनी थालीपीठ वाढलं. जावई आलेले, मेडनहेडला कुठल्याशा टेक कंपनीत मोठ्या पदावर. काका त्यांना माझी ओळख करून देताना: "हा ओंकार. ह्याच्या बंदुकीच्या सर्टिफिकेटला रेफरी मी आहे. पोलिसांच्या फॉर्मवर लिहिलं, सेन्सिबल यंग मॅन. लिहिलं ते खरं कर बाबा!" सगळे हसले. मीही.

मग गॅरेज दाखवायला नेलं. टेबलावर स्टीलचा गोल मसाल्याचा डबा. सात वाट्या. हळद-तिखटाच्या जागी गोळ्या.

मी विचारलं, "काका, ओल्ड स्टेडी म्हणजे…"

"मीच तो!" एकदम खूश. "सापडलो का तुला? अरे, माझ्या आकड्यावर अर्धं इंग्लंड मारतं."

म्हणजे माझी दोन ठिकाणं एकच माणूस. पोस्टमध्ये पुंगळ्या कुठल्या हे लिहिलेलंच नव्हतं. त्यांना तेव्हा लिहायची गरज वाटली नसणार. आणि मी तोच आकडा दुसऱ्यांदा ऐकला आणि त्याला खात्री समजलो.

डब्याशेजारी पन्नास काडतुसं भरून तयार. पुंगळ्या आमच्या पिशवीतल्या. बुडावरचे शिक्के ओळखले.

पाठ केलेलं वाक्य तोंडातून निघालं नाही. जावई पाठीशी उभे. ज्यांनी माझ्यासाठी सही केली त्यांना, त्यांच्याच जावयासमोर… फक्त म्हटलं, "काका, ह्या पुंगळ्या जरा जाड आहेत ना?"

"पुंगळी ती पुंगळी. चहा घेतोस?"

घेतला. आलो.

बुध., १९ फेब्रु.

फोन केला. काका मराठी मंडळाच्या हॉलचं बुकिंग सांगत बसले, मग "दुसरा कॉल येतोय." संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवला, बारीक मजकुराभोवती लाल गोल. लिहिलं: काका, कृपया हे वाचा. तुमची पन्नास वापरू नका.

दोन निळ्या खुणा. उत्तर: हात जोडलेले, आणि 'छान माहिती. शनिवारी बोलू.'

वाचलं की सुप्रभातच्या फोटोंसारखं पुढे सरकवलं, कळत नाही.

आई पोळ्या लाटताना: "एवढ्या मोठ्या माणसाला तू 'चुकलात' म्हणणार?"

"चुकले नाहीत ते. पुंगळी वेगळी आहे."

"मग तसं सांग."

"सांगितलं."

"सांगितलं की पाठवलं?" लाटणं थांबलं. "त्यांच्या डोळ्याला काही झालं तर शालिनीताईंना काय दाखवणार, निळ्या खुणा?"

शनि., २२ फेब्रु.

जमेल तसं लिहितो.

लवकर जाऊन गाडीपाशीच गाठायचं ठरवलेलं. बस आलीच नाही. पोचलो तेव्हा मॅच सुरू झालेली. काका चार नंबरच्या लेनवर, पालथे, गाल रायफलच्या दस्त्याला टेकलेला. कॉलिन टोकाला, पाठमोरा.

काकांनी मारली. बोल्ट उघडेना. तळहाताने ठोकला. उघडला, पुंगळी उडाली. दुसरं काडतूस आत. मारली. आता दोनदा ठोकला, दुसऱ्यांदा मुठीने. तिसरं हातात घेतलं.

रेंजवर नियम आहे, धोका दिसला तर कुणीही ओरडायचं. नवखा असो, चहा करणारा असो. मी क्लबात आल्यापासून कुणी ओरडलेलं ऐकलं नव्हतं.

ओरडलो. "स्टॉप! स्टॉप! स्टॉप!"

सगळे थांबले. रायफली खाली. आवाज माझा वाटला नाही.

कॉलिन चालत आला. काकांनी कानावरचे मफ काढले, वळून पाहिलं, मी दिसलो. मी मराठीत म्हटलं, "काका, ती पुंगळी बघा. पाया पडतो, बघा."

कॉलिनने आधी उचलली. प्रायमरभोवती काजळीचं कडं. गॅस बाहेर यायला लागला होता. त्याने ती काकांपुढे धरली. मग उरलेली अठ्ठेचाळीस पेटीत भरायला सांगितली. माझी रायफलही तपासल्याशिवाय वापरायची नाही म्हणाला. बरोबर आहे.

काका गुडघे झटकत उठले. जाताना जवळ आले. चिडलेले नव्हते, ते जास्त वाईट.

"चारचौघांत, ओंकार? घरी आला होतास ना रे?"

खरं होतं. घरी गेलो होतो, चहा पिऊन आलो.

रवि., २३ फेब्रु.

माझी पंधरा काडतुसं खोलली. गोळ्या एका डब्यात, पुंगळ्या दुसऱ्यात. पावडर बाहेर काढली. पुन्हा भरायची असतील तर पुस्तकातल्या सुरुवातीपासून, आणि बाजारी पुंगळ्यांत. घाई नाही.

काकांना मेसेज लिहिला, खोडला. सॉरी म्हणायचं तर कशासाठी? ओरडल्याबद्दल म्हणणार नाही. गेल्या रविवारी गप्प बसल्याबद्दल म्हणता येईल. तसाच लिहिला. पाठवला.

एकच खूण. फोन बंद असेल.

रवि., २ मार्च.

काल काका क्लबला आले नाहीत. मेसेजला उत्तर नाही. खुणा मात्र आता निळ्या.

आज दुपारी आईला त्यांचा फोन. आईला, मला नाही. पाडव्याचा कार्यक्रम, हॉल, श्रीखंड कुणी आणायचं, सगळं झालं. मी जिन्यात उभा. शेवटी आई फोनवर हात ठेवून म्हणाली, "ते विचारतायत, तुझ्या त्या पुस्तकाचं नाव काय. आणि आवृत्ती कितवी."

सांगितलं. म्हटलं, पानाचा नंबरही सांग.

"तूच बोल की."

हात पुढे केला. तोवर तिकडून फोन ठेवला गेला होता.

संध्याकाळी फोरम उघडला. ओल्ड स्टेडीची पोस्ट जशीच्या तशी. आकडा आहे, पुंगळ्यांचा उल्लेख नाही. खाली परवाची नवी कॉमेंट, लीड्सच्या कुणाची तरी: मी अगदी नवीन आहे, सगळीकडे वेगवेगळे आकडे, शेवटी हा सापडला, तुमचे खूप आभार, वीकएंडला मारून बघतो.

वीकएंड आज संपतोय.

त्याला लिहिलं: तुझ्या पुंगळ्या कुठल्या आहेत?

अजून उत्तर नाही.