भरल्या ताटावरून

प्रिय ऋजुता,

सडा घालून झाला होता, गाईला पेंढा टाकला होता आणि मी अंगणात सोलं वाळत घालत बसले होते. कोकमं फोडायची, बिया वेगळ्या करायच्या, सालं रसात बुडवून पुन्हा उन्हात टाकायची. मे महिन्यातली नेहमीची सकाळ. तुझे बाबा आंब्याच्या कलमांतून फिरून आले, ओटीवर बसले आणि म्हणाले, छातीत जळजळतंय. आदल्या दिवशी फणसाची भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली होती. मी हात धुतले आणि कोकमाच्या आगळात पाणी नि जिरेपूड घालून पेला दिला. ते प्याले, ढेकर दिला, मी परत सोलांकडे वळले. आठ वर्षं झाली, पण पेल्याच्या काठाला लागलेला लाल रससुद्धा मला आठवतो.

तू तीन किलोमीटरवर राहतेस आणि आई पत्र लिहिते, याचं तुला हसू येईल. पण तोंडाने सांगायला बसले की मी मधेच चहा टाकायला उठते, हे तुला ठाऊक आहे. म्हणून डब्याच्या पिशवीत भाकरीखाली हे ठेवते आहे. आधी जेव, मग वाच. तुझ्या पहिलीच्या पुस्तकावरून मी अक्षरं शिकले तेव्हा तू माझे काने-मात्रे तपासायचीस. आज तपासू नकोस.

दवाखान्याच्या दारावर तू पाटी लावलीस, ‘संध्याकाळी सातनंतर घरी येऊन तपासू, फोन करावा’, त्या दिवशी मी बाजारात आले होते. तू आत पेशंट बघत होतीस. मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून ती पाटी तीनदा वाचली. खाली तुझं नाव आणि त्यात तुझ्या बाबांचंही नाव. एवढं वाचता येण्यासाठीच मी अक्षरं शिकले असेन, असं वाटलं. तुला भेटले नाही. डोळे पुसत एसटीत बसले.

पण दिवाळीनंतर दोन महिने एक फोन आला नाही. तू म्हणालीस, लोकांना नकोच असेल तर शिमग्यानंतर बंद करते आणि पुण्याच्या हॉस्पिटलात परत जाते. लोकांना का नको, असं तू मला विचारलंस. मला उत्तर माहीत होतं. मी भांडी घासत राहिले.

तू लहान असताना आप्पा डॉक्टर असे घरोघर यायचे. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात चपला, व्हाळाचं पाणी ओलांडून. तुला गोवर आला तेव्हा ते दोन तास तुझ्या उशाशी बसले आणि जाताना आपल्याकडची पेज पिऊन गेले. बरी झाल्यावर तू माझ्या पिशवीत पावडरचा डबा घालून वाडीभर फिरायचीस, मी आप्पा डॉक्टर म्हणून. आणि बाबांच्या तेराव्याला तूच सगळ्यांसमोर त्यांना म्हणालीस, तुम्ही आला असतात तर माझे बाबा आज असते. एकोणीस वर्षांची होतीस. त्यांनी चपला घातल्या आणि पाखाडीच्या पायऱ्या उतरून गेले. त्यानंतर ते दिवेलागणीनंतर कुणाच्या घरी गेले नाहीत. लोक म्हणाले, वय झालं.

मागच्या गुरुवारी रात्री शेजारच्या यमुनाकाकूंना धाप लागली. त्यांची सून राजश्री घाबरून मला बोलवायला आली. काकू भिंतीला टेकून बसलेल्या, ओठ काळेनिळे, आणि तशातही मला म्हणतात, “अगो, फोन नको करू. पोरगी दिवसभर राबलीय, आता कुठे जेवायला बसली असेल. सकाळी बघू.” ते ऐकलं आणि मी त्यांच्यासमोरच तुला फोन लावला.

तू वीस मिनिटांत आलीस. देवळापाशी स्कूटर ठेवून पाखाडीच्या पायऱ्या धावत उतरलीस. तुझ्या हाताला आमटीचा वास होता. कानात नळी घालून तू ऐकलंस, इंजेक्शन दिलंस, आणि काकू “सुई केवढी मोठी” म्हणून कुरकुरल्या तेव्हा “बोलताय ना, मग बऱ्या आहात” म्हणालीस. श्वास जरा सुटल्यावर त्यांच्या मुलाच्या गाडीत स्वतः शेजारी बसून चिपळूणच्या हॉस्पिटलात घेऊन गेलीस. काकू परवा घरी आल्या. आता अळणी जेवायला लावलंस म्हणून वाडीला ऐकू जाईल एवढ्याने तुला नावं ठेवतात. ते ऐकताना मी मुद्दाम अंगणात काहीतरी काम काढते. इतकं गोड वाटतं.

पण गाडीत बसताना राजश्री तुला म्हणाली, तुझ्या बाबांच्या वेळी आप्पा डॉक्टर असे आले असते तर. आणि तू म्हणालीस, म्हणून तर मी येते. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी मान खाली घातली.

ऋजू, तू पुण्याला गेलीस तर हे पत्र लिहायची मला हिंमत होणार नाही. सोलं वाळत घातली त्याच दिवशी संध्याकाळी बाबांना पुन्हा कळ आली. अंग घामाने भिजलं. मी आप्पांना फोन करायला उठले, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, आठ वाजलेत, डॉक्टर जेवत असतील, भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये. मी बसले. पहाटे बाबा गेले. तू आलीस, विचारलंस, आप्पा आले नाहीत? मी म्हटलं, नाही आले. तेवढंच म्हटलं. आप्पांना पक्कं माहीत होतं की त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. तरी आठ वर्षं त्यांनी ते तुला सांगितलं नाही आणि यापुढेही सांगणार नाहीत. लोक फोन का करत नाहीत, ते आता तुला कळलं असेल. पाटी काढू नकोस. फोनची वाटही बघू नकोस, संध्याकाळी एकेका वाडीत फेरी मार आणि तूच विचार. यमुनाकाकूंना तू नेलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी आठच्या एसटीने बाजारात गेले, आप्पांच्या ओटीवर बसले आणि त्यांच्या बायकोसमोर त्यांना सांगितलं की त्या दिवशी मी फोन केलाच नव्हता.

तुझीच,
आई