सूनबाईंचं झाड आणि माझं नेलकटर

प्रिय मित्र कोंडीराम यास,

सप्रेम नमस्कार. लोणीत थंडी कशी आहे, वहिनींचे गुडघे काय म्हणतात? आमच्या नारायण पेठेत सगळे सुखरूप आहेत, एक मी सोडून. (फोनच केला असता, पण कुसुमचे कान फार तिखट.)

तर झालं असं. आमची सून अवनी वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक. बंगळुरूला जाताना तिने गुझमानिया नावाच्या शोभेच्या झाडाची कुंडी माझ्या हवाली केली. लग्नाला तीन वर्षं झाली, पण माझ्यावर काही सोपवलं ते पहिल्यांदाच रे! सोमवारी वर्गात तेच झाड दाखवून ती मुलांना उपकुळ ओळखायला लावणार आहे. मी रोज पाणी घातलं, विचारपूस केली, तरी ते वाळलं. घाबरून मी ते उपटून पालापाचोळ्याच्या गोणीत कोंबलं (तीच गोणी, जी तुला खताला पाठवली) आणि नर्सरीतून तसंच लाल तुऱ्याचं दुसरं आणलं.

आता नीट ऐक. दोन्ही झाडं ब्रोमेलिएसी कुळातली, म्हणजे अननसाच्या खानदानातली. पण अवनीचं टिलँडसिऑइडी उपकुळातलं: पानांच्या कडा गुळगुळीत, फळ वाळून फुटणारं, बियांना केसांचा झुबका. मी आणलेलं ब्रोमेलिऑइडी, म्हणजे अननसाचं जवळचं भावंड: फळ रसाळ आणि पानांच्या कडेला काटे. हे मला कधी कळलं? बोट कापल्यावर, तिची पुस्तकं चाळून. मग काय करणार, नेलकटर घेऊन बसलो आणि एकेक काटा काढला. कुसुम म्हणाली, "अहो, जावळ काढताय की उपकुळ बदलताय?" आता ते असं दिसतं, की कुठल्याच उपकुळाने त्याला दारात उभं करू नये. माझी झोप उडालीय.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा धास्तावलेला,
श्यामसुंदर

ता. क. आत्ताच अवनीचा फोन येऊन गेला. फुलून झालं की आईझाड वाळतंच म्हणे. बुडाशी पिल्लं येतात, ती जपायची. "बाबा, आली का पिल्लं?" असं तिने इतक्या आनंदाने विचारलं, की मी हो म्हणून बसलो! बाबा रे, ती गोणी कुठे रिकामी केलीस? हातातलं काम टाक, खताचा खड्डा उकर आणि दोन हिरवे कोंब शोध. (मला ते तण वाटलं होतं.) रविवारच्या आत आणून दे. कुसुमला गोणीचं काही माहीत नाही. पाकीट चिकटवायला तिच्याकडेच देतोय, पण दुसऱ्यांची पत्रं वाचायची तिला सवय नाही.

ता. क. २ (हे कुसुमचं). भावोजी, खड्डा उकरू नका. गोणी बांधायच्या आधीच मी पिल्लं काढून गच्चीवर लावलीत. अवनीला फोटोही पाठवलाय. सोमवारी वर्गात ती ही पिल्लंच नेणार आहे. यांना मात्र रविवारपर्यंत काही सांगू नका. घाबरून का होईना, पहिल्यांदाच सुनेची पुस्तकं वाचतायत.