पाण्याचा कॉम्प्युटर

४ जानेवारी, रविवार

झालं! आजचं सगळं वाचन फुकट. सकाळी बसून जीवशास्त्राचा अख्खा पाठ वाचून रेकॉर्ड केला, घसा कोरडा पडेपर्यंत. ऐकून बघते तर माझ्या आवाजामागे कुणीतरी गिरणी चालवतंय! कॉम्प्युटरचा पंखा. आवाज साफ करणारा प्रोग्रॅम लावला की पंखा जातो, पण मग माझाच आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

अंध मुलांच्या संस्थेसाठी पुस्तकं वाचते मी; तिथल्या बाई तक्रार करत नाहीत. फाइल पाठवली की "मिळाली, आभार" एवढंच येतं. वर्ष होत आलं. कोण ऐकतं, कुठे बसून ऐकतं, ऐकता ऐकता झोपी जातं का — काही कळत नाही. विचारायचा धीर होत नाही. पण परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी गिरणीत बसून अभ्यास का करायचा?

ठरलं. पाण्याने थंड होणारा कॉम्प्युटर जोडायचा. मी. स्वतः.

७ जानेवारी, बुधवार

ऑफिसातून आले की नुसतं वाचतेय. कल्पना साधी आहे. प्रोसेसर तापतो. त्याच्या डोक्यावर तांब्याचा पोकळ ब्लॉक बसवायचा आणि त्यातून पाणी फिरवायचं. पाणी उष्णता उचलतं, नळीतून रेडिएटरच्या जाळीत जातं, तिथे निवतं, परत येतं. ढकलायला पंप, भरायला छोटी टाकी. पंखे उरतात, पण रेडिएटरवरचे — मोठे, संथ, झोपलेल्या मांजराइतके शांत.

घरी फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "पाणी? विजेत? एवढं शिकवलं ते शॉक लागून मरायला का गं?" मागून दादा — "विचार तिला, पदवी घेतली ती नळ जोडायला होय!" दादा टेम्पो चालवतो. दहावीनंतर शाळा सोडली. त्याची थट्टा मला नेहमी जरा जास्तच लागते. मग धाकटीने फोन हिसकावला. "ताई, टाकीत मासे सोड. तेवढीच सोबत!" सगळे हसले. मीही हसले. फोन ठेवला आणि खोली एकदम मोठी झाली.

बाबा कामावर सांगत सुटलेत म्हणे, आमची मुलगी कॉम्प्युटर बनवते. बनवत नाही हो बाबा, ऑफिसात बसून इमारतींची चित्रं काढते. पण हे त्यांना सांगवत नाही.

१० जानेवारी, शनिवार

कॅबिनेटच्या आतलं चित्र काढलं. नळी कुठून कुठे जाणार, किती वाकणार. इमारतींची काढते तसंच, प्रमाणात. सुंदर आलंय! टेबलासमोर चिकटवलं. उगाच लांब जाऊन पाहिलं.

१४ जानेवारी, बुधवार

पाण्यावरचे कॉम्प्युटर जोडणाऱ्यांचा एक गट आहे, सगळे एकमेकांना फोटो दाखवतात. लाल पाणी, निळं पाणी, आत दिवे. माझं चित्र टाकलं. कुणीतरी विचारलं, "दिवे कुठे आहेत?" म्हटलं, नकोत. मग तिथे शुकशुकाट.

एकट्याने उत्तर दिलं. स्वतःला "थंड डोकं" म्हणवतो. म्हणाला, "रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा घेताय, ब्लॉक तांब्याचा. एका पाण्यात हे दोन नकोत. गंजतील. आतून." एवढंच. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पण केवढी मोठी चूक वाचवली! मी लांबलचक आभार मानले. त्याने अंगठा पाठवला.

१८ जानेवारी, रविवार

मालकीणकाकूंनी जिन्यात गाठलं. "तुझ्या खोलीत सकाळी कोण असतं गं? बोलण्याचा आवाज येतो."

"कुणी नाही काकू. मी वाचते."

"मोठ्याने?"

"हो."

"एकटीच?"

सांगितलं सगळं, संस्था, मुलं, पुस्तकं. काकूंनी मान डोलावली, पण चेहरा काही बदलला नाही. वर जाताना मागून म्हणाल्या, "अधूनमधून घरी जाऊन येत जा गं."

२४ जानेवारी, शनिवार

दुकान. दुकानदार म्हणाला, "गेम खेळायला ना? भावासाठी?"

"माझ्यासाठी. वाचायला."

"वाचायला! अहो ताई, मग साधा चांगला पंखा घाला की. भागेल."

भागेल हे मलाही कळतं. लहानपणापासून भागवतच आलेय. दादाच्या जुन्या वह्यांतल्या कोऱ्या पानांवर भागवलं, मैत्रिणीच्या पुस्तकावर भागवलं, कॉलेजात दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर वेळ मागून भागवलं. ज्या मुलांसाठी वाचते त्यांनाही सगळे जण हेच सांगत असतील — भागेल. एखादी तरी गोष्ट भागण्याच्या पलीकडची करावी की नाही माणसाने?

दुकानात असलं काही बोलले नाही. "तांब्याचाच रेडिएटर द्या" एवढंच म्हटलं.

२९ जानेवारी, गुरुवार

एक अडचण आहे. सगळे सांगतात, पाणी भरताना दोन माणसं हवीत. एकाने टाकीत ओतायचं, दुसऱ्याने कॅबिनेट हळूहळू तिरकं करायचं, म्हणजे रेडिएटरमध्ये अडकलेली हवा निघते. पंपावर कुणाचा तरी हात हवाच, तो कोरडा फिरला की खलास. प्रत्येक ठिकाणी लिहिलंय, "मित्राला बोलवा." किती सहज लिहितात!

वहीत लिहिते म्हणून खरं लिहिते. या शहरात कुणाकुणाला बोलावता येईल असा विचार करत बसले. नावं संपायला वेळ लागला नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

विचारलं! ऑफिसात समोरच्या टेबलवर बसते तिला. डबा खाताना सगळं सांगितलं. ती हसायलाच लागली. "टाकी, नळ्या, पंप — लग्नाआधीच संसार थाटतेस की काय!" मग म्हणाली, "येते की रविवारी. मजा येईल. पण मला काही कळत नाही हां."

कळायला नकोच आहे. नुसतं धरायचंय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

खोली आवरली. दुसरा कप विकत आणला.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून सगळं बसवून झालं. बोर्ड, ब्लॉक, पंप, टाकी. नळ्या कापल्या, तोंडं सरळ आली. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन टेबलापाशी. वाट पाहिली.

दुपारी मेसेज आला. "सॉरी यार, घरी पाहुणे टपकलेत. पुढच्या रविवारी नक्की?" शेवटी हसरा चेहरा.

खरंच आले असतील पाहुणे. येतातच की लोकांकडे.

९ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात ती म्हणाली, "झाला का गं तुझा तो अ‍ॅक्वेरियम?" सगळ्या टेबलांना ऐकू गेलं. मी म्हटलं, होतोय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

संस्थेतल्या बाईंचा मेसेज. या वेळी मोठा आहे. पुढच्या आठवड्यापासून पुस्तकं यंत्राच्या आवाजात तयार होणार. अख्खं पुस्तक एका बैठकीत होतं, उच्चारही बरे आहेत, मुलांना सगळे विषय मिळतील. "आपण दिलेल्या वेळेबद्दल संस्था आपली ऋणी आहे. हाती घेतलेला पाठ अर्धवट राहिला तरी हरकत नाही."

चांगलंच आहे हे. खरंच. मी वर्षभरात जेवढं वाचलं तेवढं ते यंत्र डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच करणार. मुलांचा फायदाच आहे. माझी हौस मोठी की त्यांची पुस्तकं? याचं उत्तर मला येतं.

"हरकत नाही" हे शब्द सारखे डोळ्यांपुढे येताहेत. कुणाचीच हरकत नाही!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काही नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

"पुढच्या रविवारी नक्की" वाली आली नाही. मी आठवणही करून दिली नाही.

उठले आणि एकटीनेच पाणी भरलं. का, ते विचारू नये. दुकानात परत घेत नाहीत हे एक कारण. पण खरं म्हणजे चित्र डोळ्यांसमोर होतं आणि ते अर्धं ठेववेना. आतल्या बाकीच्या भागांची वीज काढून ठेवली, फक्त पंपाला दिली. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर पसरला. गळलं तर आधी कागद सांगतो, अशी रीत आहे. कॅबिनेट उशीवर तिरकं टेकवलं, गुडघ्याने दाबून धरलं, एका हाताने ओतलं, दुसऱ्याने पंपाचं बटण. थोडं ओतायचं, क्षणभर चालू, लगेच बंद. पुन्हा ओतायचं. नळीतून पाणी पहिल्यांदा वर चढलं तेव्हा मी ओरडले, "आलं! आलं!"

कुणाला म्हणाले कोण जाणे.

बुडबुडे निघेनात. मग उशी काढून कॅबिनेट मांडीवर घेतलं आणि लहान मूल डोलवावं तसं डोलवलं. निघाले! भांडी विसळल्यासारखा आवाज करत एकेक टाकीत आले. आणि मग पंप गप्प. चालू असून गप्प.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कागद ओला. ग्राफिक्स कार्डाच्या वरचा जोड. कार्डावरही थेंब.

चूक माझीच. नळीवरची चकती मी पूर्ण आवळलीच नाही. फार जोर लावला तर काही मोडेल म्हणून सगळ्याला हलक्याच हाताने धरते मी. माणसांनाही बहुतेक. वीज नव्हती म्हणून वाचले. पाणी काढलं, कार्ड पुसून खिडकीत वाळत ठेवलं. चकती आवळली, बोटांना वळ उठेपर्यंत.

"थंड डोकं"ला लिहिलं. त्याचं उत्तर — "सगळ्यांचं पहिलं गळतंच. माझं बोर्डासकट गेलं होतं. बायको आठवडाभर बोलली नाही." म्हणजे बायको आहे. त्याने स्वतःबद्दल लिहिलेलं हे पहिलंच वाक्य.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा भरलं. पुन्हा कागद. कोरडे! सगळे कोरडे! मग बोर्डाला वीज दिली. डोळे मिटूनच बटण दाबलं.

काहीच ऐकू आलं नाही. वाटलं, गेला. डोळे उघडले तर पडद्यावर अक्षरं.

घरी फोन केला. "आई, झाला चालू!"

"छान. शॉक नाही ना बसला? जेवलीस का?"

२२ फेब्रुवारी, रविवार

अर्धवट राहिलेला पाठ वाचला. कुणी मागितला नव्हता.

ऐकताना दचकलेच. वर्षभर मी ओरडत होते! पंख्याच्या वर आवाज काढायचा म्हणून, भरलेल्या वर्गाला शिकवावं तशी. आज आपोआप खालच्या पट्टीत वाचलं, शेजारी बसलेल्या एकाच माणसाला सांगावं तसं. श्वास ऐकू येतो. पान उलटलेलं ऐकू येतं. वाईट नाही वाचत मी!

बाईंना पाठवून दिला. लिहिलं, "हा शेवटचा. वापरला नाही तरी चालेल." उत्तर — "मिळाला, आभार."

१ मार्च, रविवार

सकाळी सवयीने पुस्तक उघडलं. मिटलं. कॉम्प्युटर चालू आहे की बंद ते बघायला दिवा शोधावा लागतो. एवढी शांतता मी स्वतःच्या हाताने, नळ्या कापून कापून बांधली!

मालकीणकाकू भेटल्या. "हल्ली आवाज नाही येत तुझा." म्हटलं, संपलं ते काम. "बरं झालं" म्हणाल्या. मग जरा थांबून, "तसा त्रास नव्हता हो तुझा."

७ मार्च, शनिवार

अनोळखी नंबर. उचलणार नव्हते.

"तुम्ही जीवशास्त्रवाल्या ताई ना?"

मुलीचा आवाज. संस्थेत राहते, यंदा परीक्षेला बसणार आहे. बाईंच्या मागे लागून लागून माझा नंबर मिळवला म्हणे. मी म्हटलं, अगं, आता तुम्हाला सगळी पुस्तकं मिळणार आहेत ना?

"मिळतात हो! पण ते यंत्र म्हणतं, 'आकृती पाहा.' आणि सरळ पुढे जातं! काय पाहू? तुम्ही थांबायचात. मूठ वळा म्हणायचात, हृदय एवढं. अंगठा जिथे येतो तिथून मोठी नळी निघते. आम्ही सगळ्या मुठी वळून बसायचो. एक जण तर झोपेतही वळते!"

फोन कानाशी धरूनच मी दुसऱ्या हाताची मूठ वळली.

"ताई, आहात ना? अजून बऱ्याच आकृत्या राहिल्यात. फोनवर नको, कागदावर बोट धरून शिकवा. मी येते तुमच्याकडे. एकटी फिरते मी, काळजी नको. फक्त रस्ता सांगा."

सांगायला लागले. निळ्या रंगाचं फाटक, त्याच्यापुढे औषधाच्या दुकानाची पाटी — आणि जीभ चावली. ती हसली. "दुसरा सांगा."

उद्या सांगते म्हटलं.

८ मार्च, रविवार

सकाळी डोळे मिटून कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. उतार पावलाला लागतो. बेकरीची ऊब उजव्या गालावर. मग गटाराची लोखंडी जाळी वाजते, तिथे वळायचं. फाटकाची कडी खाली आहे, कमरेशी. दोनदा आपटले.

मालकीणकाकू ओरडल्या, "काय झालं गं? चक्कर आली का?"

"नाही काकू," म्हटलं. "माझ्याकडे कुणीतरी येणार आहे."