डाव्या दारातला श्री

कोलोन, ३ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप श्यामकांतकाकांस,

नागेशचा शिरसाष्टांग नमस्कार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि इथे कागदाशिवाय कुणी काही खरं मानत नाही, म्हणून लिहितोय. अक्षर सांभाळून घ्या, नववीतच थांबलेला माणूस आहे.

आमच्या गॅरेजात एक ब्रॅमवेल गाडी आलीय. तुमच्याच कंपनीची, २००३ सालातली, कारखाना बंद पडला त्या शेवटच्या महिन्यातली. गिऱ्हाईक म्हणतो, दारांची अस्तरं कधी उघडलेली नाहीत, म्हणूनच तिला मोल आहे. काच अडकत होती, म्हणून माइस्टरच्या, म्हणजे आमच्या मुख्य मिस्त्रीच्या, सांगण्यावरून मी डाव्या दाराचं अस्तर काढलं, तर आत पत्र्यावर पिवळ्या मेणखडूने ‘श्री’. माइस्टरने एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्या टूलबॉक्सकडे. टूलबॉक्सवर मी पहिल्याच दिवशी श्री काढलाय, आपल्यात काढतातच. संपलं. म्हणाला, आल्झो, तर मग हे तूच खरडलंस. ह्या कोलोनात दुसरं कोण असलं लिहिणार? दहा मार्चपर्यंत खुलासा दिला नाही तर कुंडिगुंग हातात, म्हणजे नोकरी गेली, आणि व्हिसा नोकरीवरच आहे.

आधी मला शेजारच्या बाकावरच्या उत्कर्षचा संशय आला. पण तो पडला इंजिनीअर, खडू कशाला हातात धरेल? मग नीट बघितलं. श्रीखाली दोन टिंबं आहेत, काका. आजोबा वहीवर काढायचे तशी. आता सांगा, कुणाचं काम हे?

आईचा नमस्कार. लोभ आहेच, तो आत्ता कामाला यावा.

नागेश

कॉव्हेंट्री, १३ फेब्रुवारी

चिरंजीव नागेश यास,

अनेक आशीर्वाद. तुझ्यावर आळ आला हे वाचून वाईट वाटलं. पण मी ऑफिसात होतो, हे तुझ्या आईने, प्रभावहिनींनी, तुला शंभरदा सांगितलं असेल. कारखाना मी काचेतूनच पाहिला.

ब्रॅमवेल म्हणजे एके काळी केवढा पसारा! पाच कंपन्या एकत्र केल्या होत्या. गाडी एकच, नुसती नावाची पट्टी बदलायची आणि पाच दुकानांत विकायची. कँटीनमध्ये मात्र पाचही कंपन्यांची माणसं शेवटपर्यंत वेगळ्या टेबलांवर बसली. घरचेच एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत होते. मग संप झाले, सरकारने पोसलं, तुमच्या जर्मन लोकांनी विकत घेऊन सोडून दिलं. एक दिवस फाटकाला कुलूप.

श्री कुणा गुजराती कामगाराने काढला असेल. अस्तर परत लावताना बिजागरीकडून सुरुवात कर, खालची मधली क्लिप सर्वांत शेवटी, नाहीतर दार जन्मभर कुरकुरतं.

आमचे आशीर्वाद पाठीशी समज.

श्यामकांत

कोलोन, २० फेब्रुवारी

तीर्थस्वरूप काका,

नमस्कार. रागावू नका, पण तुमचं पत्र तीनदा वाचलं. काचेतून बघणाऱ्या साहेबाला खालची मधली क्लिप कशी ठाऊक? आमच्या माइस्टरलाही ठाऊक नव्हती. आणि गुजराती माणूस आजोबांची टिंबं कुठून आणेल?

लहानपणापासून आई मला ऐकवतेय, काकांसारखं टेबलावर बस, हात काळे करू नकोस. माझे काळेच झाले. तुमचे कसे होते, एवढंच विचारतोय. उत्तर नाही आलं तर मार्चात मी घरी, आणि तिथे सगळे म्हणणार की नागेशच खोटा.

नागेश

कॉव्हेंट्री, २८ फेब्रुवारी

चिरंजीव नागेश,

तीस वर्षं मी दारांची अस्तरं बसवली. गावी वडिलांनी आधीच सांगून टाकलं होतं, पोरगा साहेब होऊन गेलाय. घरी लिहिलेल्या पहिल्या पत्रात मला ते खोडवेना. पुढच्या पत्रांत धीरच झाला नाही.

माझी डावी बाजू. पाळीतल्या पहिल्या गाडीत श्री काढायचो. शेवटच्या महिन्यात उजव्या बाजूचा माणूस काढून टाकला आणि दोन्ही दारं माझ्याकडे आली. कुठली गाडी शेवटची ठरेल ते कुणी सांगत नव्हतं. म्हणून श्री काढला की त्याच गाडीच्या उजव्या दारात ‘इति’ लिहून ठेवायचो.

सोबत तो शब्द खडूने काढून पाठवतोय, आणि माझं कामाचं कार्ड. माइस्टरला म्हणावं, उजव्या दाराचं अस्तर त्याने स्वतः काढावं. तू हात खिशात ठेव.

प्रभावहिनींना एवढ्यात कळू नये.

श्यामकांत

कोलोन, ९ मार्च

तीर्थस्वरूप काका,

साष्टांग नमस्कार, ह्या वेळी खरोखरचा. माइस्टरने कागद आधी हातात घेतला, कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. त्याला वाटलं असणार, घरच्या घरी बनवलंय. मग स्वतः अस्तर काढलं. मी हात खिशात घालून उभा. पिवळा ‘इति’ होता, तुमच्याच वळणाचा. कागद शेजारी धरून त्याने प्रत्येक रेघ जुळवली. अर्थ विचारला. मी म्हणालो, काम संपलं असा. त्यावर त्याने तुमचं वय विचारलं, आणि कुंडिगुंगचा विषय तिथेच मिटला. गिऱ्हाईक आता कुणाला त्या अक्षरांना फडकंसुद्धा लावू देत नाही.

दोन्ही अस्तरं मीच लावली, खालची मधली क्लिप शेवटी. कुरकुर नाही.

आईला मी काही बोललेलो नाही. ते तुम्हीच लिहा, पण ऑफिसातून लिहू नका.

दारं बसवणाऱ्याचा पुतण्या,
नागेश